गेल्तो म्हंजे हॅड गॉन

मिरजगावच्या हायस्कुलात मी मराठीची शिक्षिका म्हणून रुजू झाले ती एकाहत्तरच्या जूनमध्ये. पहिल्याच आठवड्यात माझं मुलाणी सरांशी भांडण झालं. भांडण म्हणजे मी भांडले आणि ते ऐकत राहिले.

आमची शिक्षकांची खोली आणि नववीचा वर्ग यांच्या मध्ये पत्र्याचं पार्टिशन होतं. पलीकडचं सगळं अलीकडे ऐकू यायचं. मी वह्या तपासत बसले होते आणि पलीकडे मुलाणी सरांचा इंग्रजीचा तास चालला होता.

"आय हॅड गॉन टू द मार्केट. बोला, म्हंजे काय?"

"मी बाजाराला गेल्तो!" सगळा वर्ग ओरडला.

"शाब्बास. गेलो म्हंजे वेंट. गेल्तो म्हंजे हॅड गॉन. तुमच्या आज्याला बी पास्ट परफेक्ट येतोय, फक्त त्याला कुणी सांगितलेलं न्हाई. आता बघा, डोक्यात घुसलं का नुसतं कानावरून गेलं?"

मी संगमनेरची, वडील शिक्षक, घरात 'पाणी'चा 'ण' चुकला तर जेवण थांबायचं. त्याच वर्गाकडून मी सकाळी 'गेलो होतो, गेलो होतो' असं दहा वेळा म्हणवून घेतलं होतं. सर वर्गातून बाहेर आले, खडूचे हात धोतराला पुसले आणि बाकावर बसले. मी म्हटलं, "सर, मी तासभर भाषा घासून स्वच्छ करते आणि तुम्ही तिच्यावर पुन्हा माती टाकता."

ते रागावले नाहीत. म्हणाले, "काळेबाई, तुमी स्वच्छ करा. करायलाच पायजे. पर पुस्तकातलं मराठी ह्या पोरांना परकं हाय. मी त्या मराठीतनं इंग्रजी शिकवलं तर त्यांना दोन परक्या भाषा एकदम शिकाव्या लागत्यात. मी एकच शिकवतो."

मी वह्या पुन्हा पुढे ओढल्या. मला ते पटलं नाही.

रसूल मुलाणी तेव्हा पंचेचाळिशीच्या आसपास असतील. काळी दाढी, धोतर, पांढरा सदरा, काळी टोपी आणि डाव्या खिशात खडूचे तुकडे. त्या खिशाचा रंग कधीच सदऱ्याच्या रंगाशी जुळायचा नाही. फळ्याच्या मधोमध ओल्या फडक्यानं उभी रेघ ओढल्याशिवाय त्यांचा तास सुरू होत नसे. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. ही रेघ इतकी वर्षं ओढली गेली होती की फळा कोरडा असतानाही ती दिसायची.

घरी ते दखनी बोलायचे. एकदा मी त्यांच्या घरी गेले, तर त्यांच्या आईनं मला ओसरीवर बसवलं आणि मुलाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "देख बेटी, ये घर में भी कापी लेकेच बैठता." सर खरंच वही घेऊन बसले होते. हसत म्हणाले, "घरी पानी, शाळेत पाणी. पहिलीत मी पाटीवर 'पानी' लिहिलं म्हणून गुरुजींनी छडी मारली. शेजारी शिंद्याचा भानुदास बसायचा. त्यानं बी 'पानी'च लिहिलं हुतं. त्याला बी छडी. तवापासून आमची दोस्ती हाय."

त्या वहीचा नाद त्यांना फार होता. गावात बोलला जाणारा प्रत्येक शब्द आणि त्याच्यापुढे इंग्रजी. खुरपणी, ठिगळ, उकिरडा, चिपाड, उसनं. बाजाराच्या दिवशी ते भाजी घ्यायला जात आणि शब्द घेऊन येत. सुतार, लोहार, धनगर, कुणालाही गाठून विचारत, "ह्याला तुमी काय म्हनता?" आणि मग रात्रंदिवस जवळ बाळगलेल्या जाड डिक्शनरीत शोधत. 'वाफसा' या शब्दापुढची जागा मात्र रिकामी होती. पाऊस पडून गेल्यावर जमीन पेरणीजोगी होते, फार ओली नाही आणि फार कोरडी नाही, तो वाफसा. शेतकी खात्याच्या एका साहेबाला त्यांनी विचारलं, तर त्यानं इंग्रजीत चार वाक्यं सांगितली. सर म्हणाले, "साहेब, मला शब्द पायजे, निबंध नको."

एवढं असूनही एक गोष्ट हळूहळू माझ्या लक्षात आली. सर इंग्रजी वाचायचे, लिहायचे, शिकवायचे, पण इंग्रजीत बोलायचे नाहीत. नगरहून येणारं इंग्रजी वर्तमानपत्र ते एक दिवस शिळं वाचायचे आणि आम्हाला त्यातल्या बातम्या मराठीत सांगायचे. जुन्या भाषांतराच्या पुस्तकांवरून ते इंग्रजी शिकले होते. बोलायला समोर कुणी कधी नव्हतंच.

बहात्तरच्या जूनमध्ये आमच्याकडे नवे मुख्याध्यापक आले. गायकवाड सर. श्रीगोंद्याकडच्या ऊसवाल्या गावातले, घराण्यातले पहिले पदवीधर, वय जेमतेम पस्तीस. इस्त्रीची पँट, काळे बूट, आणि बोलणं अगदी पुणेरी. पुण्याला इंग्रजीच्या शिक्षकांचं शिबिर करून आले होते. पहिल्याच सभेत त्यांनी सांगितलं की आठवीपासून पुढे इंग्रजीच्या तासाला मराठीचा एक शब्दही बोलायचा नाही. शिक्षकांनी नाही आणि मुलांनी नाही. जे मूल मराठी बोलेल ते तास संपेपर्यंत उभं राहील.

मुलाणी सर म्हणाले, "सर, पोरांना कळायचं कसं?"

"पाण्यात टाकल्याशिवाय पोहायला येतं का कुणाला?" गायकवाड म्हणाले. मग जरा थांबले आणि एकदम वेगळ्याच आवाजात बोलू लागले. "मॅट्रिकला मला इंग्रजीत चांगले मार्क होते. पुण्याला कॉलेजात पहिल्या दिवशी प्राध्यापकांनी मला नाव आणि गाव विचारलं. नाव सांगितलं. पुढचं वाक्य सुचेना. वर्ग हसला. त्यानंतर चार वर्षं मी वर्गात तोंड उघडलं नाही. माझ्या शाळेतलं पोर तसं गप्प बसणार नाही."

मुलाणी सरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तुमच्यावर वर्ग हसला हे वाईट झालं," ते म्हणाले. "पर हितं पोरं कळत न्हाई म्हणून शाळाच सोडत्यात, सर. त्यांच्यावर हसायला बी कुणी नसतं."

सभा तिथंच संपली. आदेश मात्र राहिला.

सरांनी महिनाभर तो पाळला. मी पार्टिशनच्या अलीकडे बसून ऐकायचे. आधी जो वर्ग ओरडायचा तो आता फक्त 'यस सर' म्हणायचा. समजलं का? यस सर. नाही समजलं? यस सर. एक दिवस चहा बशीत ओतता ओतता ते मला म्हणाले, "बाई, एवढं यस सर मी जन्मात ऐकलं न्हाई. मला आता भ्या वाटायला लागलंय."

त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. अर्धं गाव रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचं, त्यात आमची मोठी मुलंमुलीही असत. अकरावीतली कमल शेळके सकाळी आईबरोबर खडी फोडून अकरा वाजता शाळेत यायची. केसांवर दगडाची पांढरी भुकटी असायची. हुशार होती आणि हट्टीही. अकरावी म्हणजे तेव्हाचं मॅट्रिकचं वर्ष.

त्या दिवशी सर अकरावीच्या वर्गात 'अनलेस' शिकवत होते. जेवल्याचा अभिनय करून झाला, मान हलवून झाली, हात उंच करून मूल मोठं झाल्याचं दाखवून झालं. वर्गानं यस सर म्हटलं. कमल उभी राहिली.

"सर, अनलेस म्हंजे काय?"

वर्ग चिडीचूप झाला. मराठी बोलली होती. मी त्या वेळी व्हरांड्यातून चालले होते, मीही थांबले.

"आता तू उभीच राहा," सर म्हणाले. "नियम हाय. मी बी मराठीत सांगतो, आन मी बी उभाच हाय." मग त्यांनी फडकं भिजवलं आणि महिनाभरानं फळ्यावर मधोमध रेघ ओढली. "अनलेस म्हंजे 'बिगर'. खाल्ल्याबिगर वाढ न्हाई. सांगा तुमी."

"पाऊस पडल्याबिगर पेरणी न्हाई!"

"अनलेस इट रेन्स, वी कॅनॉट सो. अजून?"

मागून कुणीतरी म्हणालं, "काम केल्याबिगर सुकडी न्हाई!" सुकडी म्हणजे दुष्काळी कामावर खायला मिळायची ती भाजक्या पिठाची गोडसर पूड. सगळा वर्ग हसला, आणि मग ज्याला त्याला वाक्य सुचायला लागलं. सर लिहीत होते, खडू मोडत होता, दुसरा काढत होते. हा दंगा ऐकून गायकवाड सर ऑफिसातून आले आणि दारात उभे राहिले.

"ह्ये काय चाललंय?" ते म्हणाले. रागाच्या भरात त्यांचंही श्रीगोंदा बाहेर आलं. मग सावरून, "मुलाणी सर, हा मराठीचा तास आहे का इंग्रजीचा?"

"दोन्हीचा हाय, सर."

संध्याकाळी त्यांच्याकडे लेखी खुलासा मागितला गेला. सरांनी तो दुसऱ्या दिवशी दिला. कागदाच्या मधोमध रेघ, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. मराठीत दोनच वाक्यं होती: मुलं गप्प बसू लागली म्हणून मराठीत बोललो. पुन्हा गप्प बसली तर पुन्हा बोलेन. गायकवाडांनी तो वाचला, लाल पेनानं इंग्रजीतली एक चूक दुरुस्त केली आणि कागद ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. आम्हाला वाटलं, आता सरांची बदली. पण गायकवाड हा माणूस कडक असला तरी डूख धरणारा नव्हता. त्यांनी सरांना बोलावून सांगितलं, "अकरावी अ मी घेतो, माझ्या पद्धतीनं. ब तुम्ही घ्या, तुमच्या पद्धतीनं. बोर्डाचा निकाल लागू द्या. मग बोलू."

आणि ते वर्ष तसं गेलं. अ तुकडीत गायकवाड सरांचा आवाज घुमायचा, मुलं तोडकंमोडकं इंग्रजी बोलायची, पाणी प्यायला जायची परवानगीही इंग्रजीत मागायची. ब तुकडीत फळ्यावरची रेघ होती. मी एकदा गंमत म्हणून दोन्ही वर्गांच्या बाहेर थोडा थोडा वेळ उभी राहिले. दोन्ही वर्ग मला आवडले, हे मी कुणाला सांगितलं नाही.

जूनमध्ये निकाल लागला. इंग्रजीत ब तुकडी सरळ सरळ पुढे होती. अ मधली बरीच मुलं व्याकरणात आणि उताऱ्यात अडकली होती. ब मधल्या कमलला इंग्रजीत शाळेत सगळ्यांत जास्त मार्क पडले. मुलाणी सरांनी रुमालात बांधून गूळ-शेंगदाणे आणले आणि सगळ्यांना वाटले. पहिली मूठ गायकवाड सरांना दिली. गायकवाडांनी शेंगदाणे खाल्ले, सरांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "हरलो." सरांना त्या दिवशी इतका आनंद झाला होता की ते स्वतःच्या सायकलऐवजी शिपायाची सायकल घेऊन घरी गेले.

तीनेक आठवड्यांनी कमल शाळेत आली. नगरला एका दवाखान्यात नर्सिंगच्या शिक्षणासाठी तिनं अर्ज केला होता. मार्क बघून बोलावणं आलं होतं. आईनं कामावरून सुट्टी घेतली, दोघी एसटीनं नगरला गेल्या. आता ती आमच्या खोलीच्या दारात उभी होती, आणि आत येत नव्हती.

"काय झालं गं?" सरांनी विचारलं.

"न्हाई घेतलं."

"का?"

"तिथं समदं इंग्रजीत विचारलं, सर. मला समदं कळत हुतं. नर्स का व्हायचंय, घरी कोण कोण हाय. एकेक शब्द कळला." तिचा आवाज सरळ होता, रडत नव्हती. "मी मनात मराठी जुळवलं. मग त्याचं इंग्रजी करीत बसले. हॅव लावू का हॅड लावू. तवर त्यांनी दुसऱ्या पोरीला बोलावलं."

ती नमस्कार करून गेली. सरांसमोरचा चहा तसाच गार झाला. मी म्हटलं, "सर, पुढच्या वर्षी होईल तिचं." ते म्हणाले, "बाई, ती माझ्यासारकीच झाली की." एवढंच.

दुसऱ्या दिवशी जे झालं ते शाळेतली माणसं पुढे बरीच वर्षं सांगत होती. गायकवाड सर नव्या अकरावीच्या वर्गात गेले, तर शेवटच्या बाकावर दोन मुलांच्या मध्ये मुलाणी सर बसलेले. टोपी बाकावर, समोर वही.

"सर, तुम्ही इथे?"

मुलाणी सर उभे राहिले, विद्यार्थी उभा राहतो तसे. "मला इंग्रजी बोलता येत न्हाई, सर. शिकायला आलोय."

मुलांना हसावं का नाही ते कळेना. एक-दोघं हसलीही. गायकवाडांनी त्यांच्याकडे असं बघितलं की पुन्हा कुणी हसलं नाही. मग ते फळ्याकडे वळले आणि त्यांनी खडू उचलला. पाठमोरेच म्हणाले, "सिट डाऊन, प्लीज, सर," आणि तास सुरू केला.

मुलाणी सर महिनाभर त्या बाकावर बसले. त्यांच्या तोंडी 'सप्टेंबर'चा शेप्टेंबर व्हायचा, गायकवाड तो सगळ्यांदेखत दुरुस्त करायचे आणि सर सगळ्यांदेखत पुन्हा म्हणायचे. त्यातून दोघांनी एक वेळापत्रक ठरवलं. तासाची पहिली तीस मिनिटं मुलाणी सर, फळ्यावर रेघ ओढून, 'बिगर' आणि 'गेल्तो' लावून समजावणार. शेवटची दहा मिनिटं गायकवाड सर आत येणार, आणि मग एक शब्द मराठी नाही. कोणाचं खरं, यावर दोघं शेवटपर्यंत वाद घालत. गायकवाड म्हणायचे, दहाची वीस मिनिटं पाहिजेत. मुलाणी म्हणायचे, आधी डोक्यात घुसू द्या.

आणि कमलचं वेगळंच सुरू झालं. सरांनी तिला निरोप पाठवला. कामावरून सुटली की ती संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात यायची. तिथं ती आणि सर समोरासमोर बसून इंग्रजीत बोलायचे. मी घरी जाताना ऐकायचे.

"व्हॉट डिड यू ईट टुडे, कमल?"

"आय एट भाकरी, सर."

"विथ व्हॉट?"

ती अडायची. सर वाट बघायचे. कधी सर अडायचे, मग ती वाट बघायची. एकदा तर दोघंही अडले आणि चांगली दोन मिनिटं गप्प बसले, तरी मराठीचा शब्द कुणी काढला नाही. सर बोलताना तळहात गुडघ्यांवर घट्ट दाबून धरत, नदीला पूर आल्यावर होडीत बसलेल्या माणसासारखे. मला हसू यायचं आणि मग यायचं बंद झालं.

पुढच्या वर्षी कमल पुन्हा नगरला गेली, त्याच दवाखान्यात. ती घडलेलं सांगायला आली तेव्हा या वेळी आत येऊन बसली. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं होतं, वर्षभर काय केलंस? ती म्हणाली होती, "आय ब्रोक स्टोन्स." बाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी पुन्हा विचारलं. "स्टोन्स, मॅडम. फॉर द रोड. माय मदर ऑल्सो." मग त्या बाईंनी तिचे हात बघायला मागितले. हात बघून त्यांनी तिचं नाव लिहून घेतलं.

"हॅव लावलास का हॅड?" सरांनी विचारलं.

"काय लावलं ते आठवत न्हाई, सर," कमल म्हणाली.

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

त्याच वर्षी माझं लग्न झालं आणि मी मिरजगाव सोडलं. गायकवाड सरांचीही बदली झाल्याचं कळलं. त्यांच्यानंतर आलेल्या मुख्याध्यापकांना इंग्रजीत फारसा रस नव्हता, त्यामुळे तीस आणि दहा मिनिटांची ती वाटणी किती दिवस टिकली हे मला माहीत नाही.

मुलाणी सरांना मी त्यानंतर एकदाच पाहिलं. नगरहून सोलापूरला लग्नाला चालले होते. एसटी मिरजगावच्या स्टँडवर थांबली. दुपारची वेळ, रस्त्याच्या कडेला मद्रासकडचा एक मोठा ट्रक कलला होता आणि भोवती पंचवीस-तीस माणसं जमली होती. मध्ये लुंगीतला ड्रायव्हर हातवारे करून काही सांगत होता आणि त्याच्यासमोर मुलाणी सर उभे होते. दाढी पांढरी झाली होती.

"स्प्रिंग, सार! स्प्रिंग ब्रोकन!" ड्रायव्हर ओरडत होता.

"व्हेअर इट इज ब्रोकन?" सरही तेवढ्याच जोरात ओरडले. "फ्रंट साईड? बॅक साईड? शो मी, शो मी!"

वाक्य चुकलं होतं. ब तुकडीतल्या कुणी ते लिहिलं असतं तर त्याला सरांनीच दहा वेळा लिहायला लावलं असतं. सरांना त्याचं काही नव्हतं. ते ड्रायव्हरच्या मागोमाग ट्रकखाली वाकले, धोतराचा सोगा हातात धरून. मी खिडकीतून हाक मारली, पण माझा आवाज त्या गर्दीत पोचला नाही. आमच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

सर ट्रकखालून बाहेर आले. भोवतीची माणसं विचारत होती, "काय म्हनतोय वो, सर? काय झालं म्हनतोय?"

"मागचा पाटा तुटलाय त्याचा," सर म्हणाले. "भानुदासाला म्हनावं, लोहाराला घेऊन ये. आन ह्याला कुणीतरी पाणी द्या रं. सकाळपास्नं हितं उभा हाय, कुणी इचारलं न्हाई म्हनतोय."

मग ते पुन्हा ड्रायव्हरकडे वळले आणि बोलू लागले. गाडी वळणावर गेली तरी ते बोलतच होते.